दमा असलेल्या मुलांनी खेळ सोडायचा का?

आज आधी माझी एक चूक सांगतो, मग दम्याबद्दल बोलू.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी चिखलीतल्या माझ्या दवाखान्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी रोलर स्केटिंगच्या क्लासला जायची. थंडी पडली की सराव संपल्यावर तिला खोकल्याची उबळ यायची आणि छातीत घरघर व्हायची. मी तपासलं, दम्याचं निदान केलं, औषधं लिहून दिली आणि उठता उठता म्हणालो, "ताई, ते स्केटिंग सध्या बंद करा." सध्या म्हणजे किती दिवस, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तीच मुलगी आईचं बीपी दाखवायला आली. आता ती नोकरी करते. तिच्या मोबाइलवर बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका तरुणाचा फोटो होता. मी विचारलं, तर म्हणाली, "हा युझुरू हान्यू, जपानचा. यालाही लहानपणापासून दमा आहे, डॉक्टर." मग हसत म्हणाली, "मी मात्र तुम्ही सांगितल्यावर परत गेलेच नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला ते लागलं.

त्या रात्री मी या हान्यूबद्दल वाचत बसलो. जन्म 1994 चा, जपानमधल्या सेंदाई शहरातला. दोन वर्षांचा असताना त्याला दमा असल्याचं कळलं. तरीही चौथ्या वर्षी मोठ्या बहिणीच्या मागोमाग तो बर्फावर उतरला. 2010 मध्ये ज्युनिअर जगज्जेता झाला. 11 मार्च 2011 ला मोठा भूकंप झाला तेव्हा तो रिंकवर सराव करत होता. पायात स्केट्स तशाच ठेवून तो बाहेर पळाला. कुटुंबाला काही दिवस निवारा केंद्रात काढावे लागले, रिंकही बंद पडला. पुढच्याच वर्षी, 17 व्या वर्षी, त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. 2014 मध्ये सोची इथे त्याला ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सरावात उजव्या घोट्याला मोठी दुखापत झाली, आणि 2018 च्या फेब्रुवारीत त्याने पुन्हा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये लागोपाठ दोन सुवर्णपदकं त्याआधी 66 वर्षांपूर्वी एका खेळाडूने मिळवली होती. 2022 मध्ये हान्यूने स्पर्धांमधून निवृत्ती घेतली.

त्या काळी पुरुषांचा मुख्य कार्यक्रम साडेचार मिनिटांचा असे. हवेत चार गिरक्यांच्या उड्या आणि छातीत भरणारी थंड, कोरडी हवा. दम्याच्या माणसाला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही!

खेळताना दम का लागतो?

आपलं नाक हवा गाळतं, गरम करतं आणि ओलसर करतं. जोरात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे हे काम अर्धवट राहतं. कोरडी हवा थेट श्वासनलिकांमध्ये जाते. दमा असलेल्यांच्या नलिका आधीच सुजलेल्या आणि हळव्या असतात. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, वाट अरुंद होते आणि घरघर सुरू होते. बरेचदा हा त्रास खेळ थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो आणि साधारण तासाभरात ओसरतो. म्हणून "खेळताना तर बरा होता, घरी येताना खोकला सुरू झाला" असं पालक सांगतात.

आपल्याकडे बर्फ नाही. पण डिसेंबर-जानेवारीची पहाटेची गारठलेली हवा आहे, रस्त्यांची धूळ आहे, कारखान्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर आहे. कुदळवाडीच्या भंगार गोदामांना आग लागायची, त्यानंतरच्या दिवसांत माझ्याकडे धाप लागलेले पेशंट वाढायचे.

मग करायचं काय?

1. दमा आटोक्यात ठेवणारा पंप रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरीही. त्यातलं स्टेरॉइड अगदी कमी मात्रेत थेट फुप्फुसात जातं. पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते का?

2. लहान मुलांना पंप स्पेसर लावूनच द्या, नाहीतर बरंचसं औषध घशातच राहतं. नंतर चूळ भरायला सांगा.

3. खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं कोणता पंप घ्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तात्पुरता आराम देणाऱ्या पंपाची वारंवार गरज पडत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा आणि दाखवायला या.

4. सुरुवातीला हळूहळू अंग गरम करा. गारठ्यात नाकातोंडावर रुमाल बांधा. हवेत धूर असेल त्या दिवशी घरात व्यायाम करा.

5. पंप मुलाच्या बॅगेत हवा आणि तो कसा द्यायचा हे क्लासच्या सरांना माहीत हवं.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी: इन्हेलरमधलं सालब्युटामॉल ठरावीक मर्यादेत चालतं. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत येतात. डॉक्टरांना आधी कल्पना द्या.

खेळ थांबवायचा तो त्रास चालू असताना. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही आराम नसेल, तर पंप देत देत थेट हॉस्पिटल गाठा.

प्रत्येक मूल हान्यू होणार नाही, आणि दम्याची तीव्रताही प्रत्येकाची वेगळी. पण त्या मुलीला औषध सुरू करून मी महिन्याभराने पुन्हा बोलवायला हवं होतं, आणि त्या दिवशी विचारायला हवं होतं, "काय बाळा, स्केटिंग सुरू केलंस का?" आता दम्याच्या प्रत्येक मुलाच्या कागदावर पुढची तारीख लिहितो आणि तिच्यासमोर "खेळ सुरू?" असंही लिहितो.

तुमच्या मुलाला दम्यामुळे कोणी खेळ बंद करायला सांगितला असेल, तर पुढच्या भेटीत एवढंच विचारा: "डॉक्टर, परत कधी सुरू करायचा?"