क्रिकेटवेडे आणि मित्रपरिवार

मी आयुष्यात एकच संस्था काढली आणि तीही फोनवर. जागा लागली नाही, पावतीपुस्तक छापावं लागलं नाही, उद्घाटनाला कुणाला बोलवावं यावरून भांडण झालं नाही. भांडणं पुढे झाली.

संस्था म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा ग्रुप. निमित्त २०२३ च्या ऑक्टोबरातल्या विश्वचषकाचं. १९८३ चा अंतिम सामना आम्ही गिरगावातल्या आमच्या चाळीत एका टीव्हीवर बघितला होता. खोली दहा बाय बाराची, माणसं चाळीस. खोलीत मावले नाहीत ते गॅलरीत, गॅलरीत मावले नाहीत ते जिन्यात. पुढे चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि माणसं डोंबिवली, चिंचवड, दापोली, न्यू जर्सी अशी जिथे परवडेल तिथे पांगली. आता प्रत्येकाकडे जुन्या खोलीच्या भिंतीएवढा टीव्ही आहे. पण 'बघितलंस काय रे!' म्हणून ज्याच्या पाठीत थाप मारावी, ती पाठ नाही. तेव्हा सगळ्यांना पुन्हा एका खोलीत कोंबावं, असा माझा उदात्त हेतू होता.

नावावरून तीन दिवस गेले. शेवटी चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावरून स्फूर्ती घेऊन 'क्रिकेटवेडे आणि मित्रपरिवार' असं ठरलं. यातल्या वेड्यांचा मला कधी त्रास झाला नाही. झाला तो मित्रपरिवाराचा. कुणाचे व्याही, कुणाची मेहुणी, कुणाचे सकाळचे फिरायचे सोबती. ऐन रंगात आलेल्या सामन्यात व्याही विचारायचे, "आपले निळे ना?" मेहुणीबाई पॉवरप्लेमध्ये अळूवडीचे फोटो टाकायच्या. न्यू जर्सीवाला आमच्या सुप्रभाताला शुभरात्री म्हणायचा.

पण खरा घोटाळा पहिल्याच सामन्यात उघडकीस आला. ८ ऑक्टोबर, चेन्नई, समोर ऑस्ट्रेलिया. त्या दिवशी टीव्हीवर सौ.च्या मालिकेचा महाएपिसोड असल्यामुळे मी फोनवर बघत होतो. आपले तीन गडी दोन धावांत परतलेले, कोहली बारावर. एवढ्यात डोंबिवलीने लिहिलं, "मेलो!" लगेच खाली, "सुटला! सुटला!" मी बघतोय तर कोहली शांतपणे उभा आणि चेंडू अजून हेझलवूडच्या हातात! मग हेझलवूड धावत आला, कोहलीने चेंडू उंच उडवला, मार्शने तो सोडला आणि साऱ्या देशाचा जीव वरखाली होत असताना मी ब्रह्मज्ञान झाल्यासारखा स्वस्थ.

पुतण्याने खुलासा केला. "काका, फोनवर चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं. आधी थोडं साठवतं, मग दाखवतं." म्हणजे आधी टाकी भरायची, मग नळ सोडायचा. टीव्हीसुद्धा मैदानाच्या काही सेकंद मागेच असतो. फोन त्याच्याही मागे, कधी अर्धा मिनिट. थोडक्यात, मी चाळीस माणसं एका खोलीत आणली होती खरी, पण प्रत्येकाच्या मनगटावर वेगळं घड्याळ होतं.

सगळ्यात मागे होता आमचा स्कोअरर. चाळीत त्याला याच नावाने ओळखत. ८३ च्या त्या रात्री जिन्यातल्या लोकांसाठी भिंतीवर खडूने धावफलक लिहायचं काम त्याने पत्करलं होतं. कपिलदेव मागे पळत गेला आणि त्याने रिचर्ड्सचा झेल घेतला, त्या क्षणी हा जिन्यात खडू शोधत होता. आरोळी ऐकून धावत आला, पण पुन्हा दाखवलेला झेल बघणं म्हणजे लग्न चुकवून अल्बम बघणं. आता तो दापोलीजवळच्या एका वाडीत राहतो. घरात एकटा. नेट फक्त माजघराच्या खिडकीत येतं, तेही वारा असेल तसं.

१५ नोव्हेंबरला वानखेडेवर उपान्त्य सामना होता. कोहली पन्नासाव्या शतकाजवळ आला. खुद्द सचिन मैदानात बसलेला आणि त्याचाच एकोणपन्नासचा विक्रम मोडायचा. एव्हाना मी मोठ्या टीव्हीचा ताबा मिळवला होता. शतक होताच हात आवरला नाही. मी लिहिलं, "पन्नास!!!"

पाच मिनिटांनी फोनवर ओळ उमटली: स्कोअररने ग्रुप सोडला. ही बातमी हल्ली फक्त अॅडमिनला कळते. अडतीस जण आनंदात नाचत होते आणि मला एकट्यालाच ठाऊक होतं की आपल्यातला एक उठून गेलाय.

मी फोन लावला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "चूक तुझी नाही रे. पण चेंडू पडायच्या आत मला निकाल कळतो, मग मी बघायचं काय? त्यापेक्षा सकाळचा पेपर बरा." मी माफी मागितली. त्याने खिडकीत वारा नाही म्हणून फोन ठेवला.

चार दिवसांनी अहमदाबादला आपण अंतिम सामना हरलो. हेडने १३७ केल्या. ग्रुपवर अळूवडीसुद्धा आली नाही. रात्री साडेअकराला दापोलीचा फोन. बराच वेळ दोघंही गप्प. मग तो म्हणाला, "जिंकणं एकट्याला जमतं रे. एकट्याने हरता येत नाही. घे मला परत."

घेतला. आणि त्याच रात्री त्याला वगळून दुसरा ग्रुप काढला, 'कार्यकारिणी' नावाचा. मराठी माणसाची एक संस्था फार दिवस राहत नाही ती अशी. ठराव एकच: मोक्याच्या क्षणी स्कोअररने लिहिल्याशिवाय कुणी चकार शब्द लिहायचा नाही. व्याह्यांनीही नाही.

२९ जून २०२४. बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा हव्या होत्या. हार्दिकचा पहिलाच चेंडू मिलरने उचलला. सूर्यकुमारने सीमारेषेवर तो धरला, तोल जाताना आत उडवला, स्वतः दोरीबाहेर गेला, परत आत आला आणि पुन्हा धरला. आमच्या सोसायटीत कुकर फुटावा तसा आवाज झाला. ग्रुपवर मात्र सामसूम. डोंबिवली 'टाइप करत आहे' असं उमटायचं आणि विझायचं. न्यू जर्सी उमटायचं, विझायचं. सौ. माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणाली, "अहो, कुणीच काही लिहीत नाहीये. षटकार गेला का?"

मी बोट ओठांवर ठेवलं. दहा सेकंद, वीस सेकंद. दापोलीच्या खिडकीत वारा असू दे, म्हणून मी अडुसष्टाव्या वर्षी देवाला हात जोडले. १९८३ पासून त्याचा एक झेल द्यायचा राहिला होता.

आणि आलं. "धरला!!! अरे धरला रे!!!"

मग बांध फुटला. एका मिनिटात शंभरावर निरोप. व्याह्यांनी विचारलं, "झेल आपला ना?" मेहुणीबाईंनी अळूवडी टाकली आणि पहिल्यांदाच ती कुणाला खटकली नाही. सामना सात धावांनी जिंकला, पण त्या शेवटच्या पाच चेंडूंचं मला फारसं आठवत नाही.

मध्यरात्री स्कोअररचा मला एकट्याला निरोप आला. "एवढा झेल झाला आणि माझ्याआधी कुणाचंच काही नाही. नेट गेलं होतं काय रे तुम्हा सगळ्यांचं?"

मी लिहिलं, "हो रे. इकडे नेटचा फार त्रास आहे."