गणिताची लांब वाट

दिल्लीला गेलेला मराठी माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार पाहून परततो. गणित शिकायला गेलेल्या मुलामुलींची दिल्ली मात्र निराळी. ती मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर आहे. विश्वविद्यालय स्थानकापासून हौजखासपर्यंत गाडी तासाभराच्या आत पोहोचते. विद्यार्थ्याला त्यासाठी दहाएक वर्षे लागतात.

सुरुवात उत्तरेला. दिल्ली विद्यापीठ १९२२ सालचे, तर त्यातली सेंट स्टीफन्स (१८८१) आणि हिंदू (१८९९) ही महाविद्यालये त्याहून जुनी. शाळेत शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यांची इथे पहिल्याच सत्रात धांदल उडते. गणित म्हणजे झटपट आकडेमोड, ही समजूत गळून पडते. दोनचे वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही हे ठाऊक असून भागत नाही; ते सिद्ध करावे लागते.

वाटेत पटेल चौकाला उतरले, की जवळच जंतरमंतर. सवाई जयसिंहांनी १७२४च्या सुमारास उभारलेले सम्राट यंत्र सावलीवरून वेळ सांगते. इथले गणित डोळ्यांना दिसते. वर्गातले दिसत नाही, म्हणून घरच्यांना समजावणे कठीण जाते. इंजिनीअर झालेले मित्र कमावू लागतात, तेव्हा एम.एस्सी. करणाऱ्याला गावाकडून एकच प्रश्न येतो, ‘पुढे काय?’

पुढे नेट परीक्षा. त्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. घरखर्चाला हात लागतो, पण खरी कसोटी वेगळीच असते.

दक्षिण दिल्लीत हौजखासला आयआयटी आहे आणि तिच्याजवळच भारतीय सांख्यिकी संस्थेचे दिल्ली केंद्र. के. आर. पार्थसारथी यांनी याच केंद्रात अनेक वर्षे काम केले. रॉबिन हडसन यांच्यासह १९८४ साली त्यांनी क्वांटम संभाव्यतेच्या गणिताला नवी दिशा दिली. अशा ठिकाणी पीएच.डी. करणाऱ्याच्या पुस्तकात शेवटी उत्तरे छापलेली नसतात. प्रश्नाला उत्तर आहे की नाही, हेही कुणाला ठाऊक नसते. सहा-सहा महिने एका ओळीपाशी अडावे लागते.

म्हणून अशा मुलाला फोनवर ‘कधी संपणार?’ असे विचारू नये. ‘सध्या कुठे अडलं आहे?’ असे विचारावे. उत्तर कळले नाही तरी चालेल. ते सांगता सांगता कधी कधी त्यालाच वाट सापडते.