दुखणं मागे, आखडणं पुढे
हिशेबाचं काम, रोज 9 तास खुर्चीत. पाठीला पोक, मान स्क्रीनमध्ये. दोन वर्षं कंबर धरत होती. सकाळी ओट्याचा आधार घेतल्याशिवाय सरळ होता येईना. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही, तेव्हा फिजिओथेरपी सुरू झाली.

तोवर माझे घरगुती प्रयोग चालू होतेच. उताणं पडून गुडघे पोटाशी घेतले की बरं वाटायचं, पण आंघोळीपर्यंतच. उभ्याने वाकून पायाचे अंगठे धरले की दिवसभर ठणका.

"काका, टेबलाच्या कडेला आडवे व्हा, एक गुडघा छातीशी घट्ट धरा," फिजिओ मुलगी म्हणाली. ('काका' कंबरेहून जास्त लागलं.) दुसरी मांडी टेबलाला टेकायला हवी होती, माझी चार बोटं वर राहिली. कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाणारा स्नायू बसून बसून आखडलेला. दुखत होतं मागे आणि ताणायचं होतं पुढे, जांघेत!

एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, 30 सेकंद, तीनदा. दिसायला सोपं. मी चार दिवस नुसती कंबर पुढे काढत होतो. तिने सीट आवळून धरायला लावली, तेव्हा ताण जांघेत कुठे बसतो ते कळलं.

अंगठे धरणं तिने बंदच केलं. त्यात मांडीची मागची बाजू ताणली जायच्या ऐवजी माझी कंबरच गोल होत होती. आता उताणं पडून पावलात टॉवेल अडकवायचा आणि पाय वर घ्यायचा. क्लिनिकमध्ये ती टाच धरायची, मी ती 5-6 सेकंद खाली दाबायची आणि सैल सोडायची. पाय आपोआप वीतभर वर जाई. घरी एकट्याने हे तितकं जमलं नाही.

शेवटी पालथं पडून हातांवर छाती उचलायची. "हे तर भुजंगासन," मी म्हटलं. तिने न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींची गोष्ट सांगितली. 1956 साली त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि त्याचं दुखणं कमी झालं. मला मात्र तिने बजावलं, कळ पायात उतरली तर लगेच थांबायचं. माझी उतरली नाही.

तीन महिन्यांनी ओटा सुटला. बसणं सुटलेलं नाही. दर अर्ध्या तासाने उठावं लागावं म्हणून ऑफिसात पाण्याची मुद्दाम छोटी बाटली ठेवली आहे. शिपाई ती प्रेमाने भरून आणून देतो.