गार लागेपर्यंत

मे महिन्यात माळशिरसला सायकल उन्हात ठेवायची नाही, हा पहिला नियम. मी तो एकदाच मोडला. शाळेतून निकालाची कामं उरकून आले, सायकल अंगणात भिंतीला टेकवली आणि पंख्याखाली आडवी झाले. तीनच्या सुमाराला लवंगी वाजावी तसा आवाज आला. मागची ट्यूब गेली होती. पंक्चरवाल्यानं फाटलेलं रबर माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात पंपाचे दोन दाब कमी मारायचे. आणि हिला सावलीला बांधत जावा, म्हशीगत."

तेव्हापासून ती लिंबाखाली, पाण्याच्या टाकीला लागून असते. साखळी लावून, म्हणजे बांधूनच.

निघायची माझी वेळ पावणेसहा. त्याआधी बाहेर पडण्यात अर्थ नाही. पारा ४२ च्या आसपास असतो आणि स्लॅब तर रात्री दहापर्यंत तापलेला राहतो. लवकर निघालं तर डांबराची वाफ नाकातोंडात जाते, साडेसहानंतर निघालं तर परतताना काळोख होतो. सूर्य सातला मावळतो, त्यानंतरचा अर्धा तास उजेड पुरतो. म्हणजे हातात पावणेदोन तास. तेवढ्यात बारा-पंधरा किलोमीटर होतात. माझ्या गुडघ्यांना आणि गिअर नसलेल्या, पुढं जाळीची टोपली असलेल्या या लेडीज सायकलला ते भरपूर आहेत. साडेतीन हजाराला जुनी घेतली. मुलगी तिला 'आईची मर्सिडीज' म्हणते आणि स्वतः स्कूटीवर फिरते.

अडचण उन्हाची नव्हतीच. अडचण होती एका प्रश्नाची. "कुठं निघाला, मॅडम?"

आमच्याकडं सायकल कामाला निघते. दळण, दुधाची किटली, शाळा, रानात डबा. बिनकामाची सायकल कुणी पाहिलेली नाही, त्यातून चाळिशी ओलांडलेल्या मास्तरणीची तर नाहीच. पहिल्या उन्हाळ्यात मी "असंच, फिरायला" म्हणायचे. समोरचा गप्प व्हायचा, पण चेहऱ्यावर 'काहीतरी बिनसलंय घरात' असं दिसायचं. एकानं टेम्पो थांबवून विचारलं, "गाडी बिघडली काय? टाका सायकल हौद्यात, सोडतो." नाही म्हणताना मलाच अपराधी वाटलं. मग मी युक्ती काढली. विचारलं की सांगायचं, "डॉक्टरांनी सांगितलंय." सगळ्यांचं समाधान झालं. कुठल्या डॉक्टरनं आणि कशासाठी, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

खरं सांगायचं तर मी हवा खायला जाते. आणि ती हवा कुठं कशी लागते हे मला जरा जास्त कळतं, त्याला कारण आहे.

माझं माहेर याच तालुक्यातलं, पण पिलीवच्या बाजूचं. माळशिरस म्हटलं की बाहेरच्या माणसाला अकलूज आठवतं, ऊस आठवतो, साखर कारखाने आठवतात. तालुक्याला दुसरं अंग आहे हे फार जणांच्या गावी नसतं. पिलीवकडून म्हसवडच्या दिशेनं निघालात की माण तालुक्याची हद्द लागते आणि त्याच्या कितीतरी आधीच माती पातळ होऊन खालचा मुरूम उघडा पडतो. बोरी, बाभळी, कुसळं, मेंढरं. १९८६-८७ च्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांची होते. आमच्या आडाला पाणी नव्हतं. आप्पा सायकलवरून पाणी आणत.

काळी, जड, दांडीची सायकल. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोरानं बांधलेल्या दोन घागरी, आणि मधे, कॅरिअरवर, कधी एक डबा. भरलेली सायकल चालवता येत नाही. हँडल धरून, पोटाचा रेटा देत ढकलत आणावी लागते. उतारावर ती माणसाला ओढून नेते. चैत्रात शिंगणापूरला मुंगी घाटातून महादेवाला पाण्याच्या कावडी चढतात. सासवडहून भुतोजी तेल्याची मानाची कावड येते. आमची आजी आप्पांना लांबून येताना बघून म्हणायची, "आली बघ माझ्या महादेवाची कावड." तिला चाकं होती, एवढाच फरक.

त्याच सायकलवर मी शिकले. रिकाम्या घागरी उतरवल्यानंतर, दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत. आप्पा ओरडायचे ते मी पडेन म्हणून नव्हे. रिम वाकली तर पाणी कशावर आणायचं?

लग्नानंतर माळशिरसला आले आणि पहिल्यांदा कालव्याकाठी राहायला लागले. नीरेचा उजवा कालवा. वीर धरणातून निघतो, फलटणवरून आमच्या तालुक्यात शिरतो आणि डोंगराच्या पायथ्याची उंची सांभाळत वाकतवळत पुढं जातो. पाणी काही चढ चढत नाही. त्यामुळं झालंय असं, की कालवा हीच रेघ. त्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, नीरा नदीपर्यंत बागायत. वरच्या अंगाला, दक्षिणेला, माळ. भाटघरचं मोठं धरण १९२८ साली पुरं झालं आणि उजव्या कालव्याचं पाणी या बाजूला खेळायला लागलं. त्याच पाण्याच्या भरवशावर सासवडकडच्या माळी बागायतदारांनी १९३० च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभा केला. ही रेघ इतकी ठळक आहे की वस्त्यांची नावंसुद्धा तिनंच ठेवलीत. कालव्याच्या फाट्यांचे नंबर. 'एकसष्ट फाट्यावर भेट' असं आमच्याकडं सहज म्हणतात, ते पाण्याच्या हिशेबातून आलंय.

मी रेघेच्या वरची. नांदते रेघेखाली.

आता सायकलवर बसा माझ्या मागं. गावातून बाहेर पडताना गरम. दुकानांचे पत्रे, सिमेंटचा रस्ता, एसीची मागून सोडलेली वाफ. पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून मी महामार्गावर फारशी जात नाही. रस्ता छान आहे, गुळगुळीत आहे, पण काँक्रीट खालून भाजतं, ट्रक शेजारून गेला की सायकल हातभर सरकते, आणि जुन्या रस्त्याची सावली आता नाही. मी कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता धरते, पश्चिमेकडं. डोळ्यांत ऊन, तोंडावर वारा. संध्याकाळी वारा पश्चिमेचाच असतो, म्हणून जाताना त्याच्याशी भांडायचं आणि येताना त्याच्या पाठीवर बसायचं. उलट केलंत तर परतताना रडू येईल. अनुभव आहे.

या रस्त्यावर पोटऱ्या थर्मामीटर होतात. डावीकडून, माळाकडून, ऊब येते, तव्याच्या कडेची असते तशी, कोरडी. उजवीकडं उसाचा फड आला की हवा एकदम ओली, जड, थोडी आंबूस. खोडव्याचा फड असेल, पाचट जाळलेलं असेल, तर तो वास वेगळा. मक्याशेजारी गार लागतं, डाळिंबाच्या बागेत तेवढं नाही. तिथं ठिबक असतं, पाणी मुळाशीच जिरतं, हवेच्या वाट्याला येत नाही. मधेच डाव्या अंगालाही एखादा गार ठिपका लागतो. म्हणजे कुणीतरी पाइपलाइन टाकून, मोटर लावून पाणी चढावर नेलंय. डोळे मिटून चालवली (तसं करू नका) तरी कुणाच्या रानाला रात्री पाणी दिलंय ते सांगता येईल.

आणि कालवा वाहतोय की कोरडा आहे, ते तर गावाच्या वेशीवरच समजतं. उन्हाळी पाळी सुटली की दोन दिवसांत या रस्त्याची संध्याकाळ बदलते. पहिल्या पुलाच्या अलीकडं, साधारण पन्नास पायडल आधी, एक गार पट्टा लागतो. हातावरचे केस उभे राहतात इतका गार. पाळी बंद असली की तो पट्टा नाहीसा होतो, आणि त्या जागी फक्त पूल उरतो, खाली प्लास्टिकच्या बाटल्या आणि भेगाळलेला गाळ. गेली पाच-सहा वर्षं मी त्या पट्ट्यापर्यंत जाते. लागला तर थांबते, कठड्यावर बसते, टोपलीतली बाटली काढते. नाही लागला तर पुढं जात राहते, कारण थांबायला काही निमित्तच नसतं.

अंगात जोर असेल त्या दिवशी सदाशिवनगर गाठते. तिथं पुरंदावड्याच्या शिवारात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण होतं. आषाढात त्या मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. अश्व धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मे महिन्यात तिथं कुणी नसतं. मी एकदा इकडंतिकडं बघितलं आणि सायकलनं गोल चक्कर मारली. मग दुसरी. जमीन टणक होती, वारा एका बाजूनं ढकलायचा, दुसऱ्या बाजूनं अडवायचा. तिसऱ्या फेरीला एक शेळ्यांवाला पोरगा उभा राहून बघायला लागला तेव्हा मी उतरून चेन तपासल्याचं नाटक केलं. त्याला ते पटलं असं वाटत नाही.

एका संध्याकाळी वळवानं गाठलं. आभाळ पूर्वेला काळं होतं, मी पश्चिमेला तोंड करून चाललेली, त्यामुळं कळलंच नाही. पश्चिमेचा वारा अचानक पडला. एवढ्यावरूनच समजायला हवं होतं. मग पाठीमागून धूळ आली, डोळ्यांत, दातांत, आणि सायकल माझ्याशिवाय पुढं जायला निघाली. विजा चमकायला लागल्यावर झाडाखाली जायचं नाही एवढं डोकं शाबूत होतं. कालव्याखालच्या एका वस्तीवर शिरले. म्हातारीनं काही न विचारता सायकल गोठ्यात घेतली, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की बोलणं शक्य नव्हतं. थांबल्यावर तिनं विचारलं, "कुणाच्यात निघाली हुतीस, बाय?" मी डॉक्टरांचं सांगणार होते, पण तिच्यासमोर जीभ वळली नाही. "वाऱ्याला आले होते," म्हणाले. "मग लागला का?" ती म्हणाली आणि दात नसलेलं हसली.

परतताना रस्ताभर बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या. घरी येईपर्यंत दोन्ही चाकांत मिळून सात काटे.

काट्यांचं राहिलंच. वेडी बाभूळ दिसते तरी. सराटा दिसत नाही. उन्हाळ्यात तो वाळून मुरमाच्या रंगाचा होतो, आणि कसाही पडला तरी एक टोक वर. माझ्या टोपलीत म्हणून सोल्यूशनची ट्यूब, कानस आणि रबराचे तुकडे कायम. दुसरं भय फुरशाचं. दिवस मावळल्यावर तापलेल्या रस्त्याच्या उबेला येऊन पडतं आणि मातीतून वेगळं काढता येत नाही, म्हणून उजेड आहे तोवर परत फिरायचं. उशीर झालाच तर मात्र एक बक्षीस मिळतं. रातवा. रस्त्याच्या मधोमध ढेकळासारखा बसलेला असतो, टॉर्चच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे दिसतात, आणि चाक अगदी जवळ गेल्याशिवाय उठत नाही.

यंदा मे महिन्यात आप्पा आठ दिवस माझ्याकडं राहायला आले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, चालताना काठी लागते, पण घरात बसवत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकल काढताना त्यांनी विचारलं, "कुठं निघालीस?" जगानं विचारलेलं चालतं, बापानं विचारलं की खरं सांगावं लागतं. सांगितलं.

"कामाबिगर?"

"कामाबिगर."

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला घेशील?"

मुलगी ओरडली, स्कूटीवरून नेते म्हणाली. त्यांना ते नको होतं. कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली, ते एका अंगाला पाय सोडून बसले, काठी टोपलीत आडवी. वजन कितीसं. दोन घागरी आणि एक डबा एवढंसुद्धा नसेल. तरी पहिल्या चढाला माझा दम गेला, आणि ते मागून सांगत होते, "उभी राहून मार, उभी राहून." शेजारपाजारच्या ओट्यांवरून सगळे बघत होते. त्या दिवशी कुणीच विचारलं नाही, कुठं निघाला म्हणून.

कालव्याच्या रस्त्याला लागलो. मी त्यांना पट्ट्याचं, पाळीचं काही सांगितलं नव्हतं. ऊन कलतं होतं, वारा समोरून, त्यांची टोपी त्यांनी काढून मांडीखाली दाबून धरलेली. पुलाच्या अलीकडं आलो. माझ्या पोटऱ्यांना लागायच्या आधी मागून आवाज आला.

"पाणी सुटलंय."

मी ब्रेक दाबले. पूल अजून दिसतही नव्हता, नुसतं बाभळीचं वळण दिसत होतं. आप्पा हळूच उतरले, काठी घेतली, हवेत तोंड वर करून उभे राहिले. मला वाटलं आता ते जुनं काहीतरी काढतील, घागरींचं, आडाचं. मी बाटली पुढं केली. त्यांनी घोट घेतला, उरलेल्या थेंबांनी मानेवर हात फिरवला आणि वाकून सायकलकडं बघायला लागले.

"चेन कधीची कोरडी आहे ही?" म्हणाले. "मघापासनं वाजतीय. तेल घालत नाहीस व्हय?"