आधी पपई, मग पील

चेहऱ्याची अवस्था डोळ्यांआधी बोटांना कळते. क्लिन्झिंग करताना ओली बोटं कपाळावरून कानशिलाकडे जातात, गालावर येतात, हनुवटीवर थांबतात. कुठे खरखर आहे, कुठे तेल साचलंय, कुठे त्वचा आधीच इतकी पातळ आणि चकचकीत झालीय की तिला आज हात न लावणंच बरं, ते तेव्हाच समजतं. आज कोणतं पील, किती वेळ, की पील नकोच, याचा निर्णय मी त्या दोन मिनिटांत घेते. बाटलीवरचा आकडा त्यानंतर वाचायचा.

ज्याला आम्ही पार्लरमध्ये सरसकट डेड स्किन म्हणतो, तो थर साधारण पंधरा-वीस पेशींचा असतो. जाडी मिलिमीटरचा शंभरावा भाग, फार तर त्याच्या दुप्पट. पेशी मेलेल्या असल्या तरी त्यांचं काम चालूच असतं. शरीरातलं पाणी त्या आत धरून ठेवतात. धूळ आणि जंतू बाहेर अडवतात. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण त्वचेत सुमारे 4 आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. ही गळती रेंगाळली की चेहरा मळकट दिसतो, रंध्रं बुजतात, मेकअप नीट बसत नाही. त्या रेंगाळलेल्या कामाला थोडा हातभार लावणं, एवढाच आमच्या कामाचा वाव.

हातभार दोन तऱ्हेचा. पहिला एन्झाइमचा. मटण लवकर शिजावं म्हणून घरोघरी कच्च्या पपईचा तुकडा घालतात. त्यातलं पपेनच आमच्या वाटीतल्या पावडरीत असतं. हिरव्या पपईला उभ्या चिरा दिल्या की पांढरा चीक ठिबकतो, तो गोळा करून वाळवतात आणि त्यातून पपेन काढतात. अननसातलं ब्रोमेलेन त्याच कुळातलं. दोन्ही प्रथिनं कापतात, म्हणजे पृष्ठभागावरच्या वाळक्या केराटिनचे तुकडे करतात. रेणू मोठे असल्यामुळे नीट शाबूत त्वचेत त्यांचं काम वरवरच राहतं. पण त्यांना ओल हवी आणि ऊब हवी. पेस्ट चेहऱ्यावर वाळून ताणली गेली की गिऱ्हाईकाला वाटतं आता असर होतोय. खरं तर तेव्हा काम थांबलेलं असतं. म्हणून वरून ओला गॉज आणि दुरून मंद वाफ.

दुसरा हातभार, म्हणजेच पील, अ‍ॅसिडचा. अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी 1974 मध्ये अल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिडवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. इक्थिऑसिस या खवलेदार, कोरड्या त्वचेच्या आजारात ही अ‍ॅसिडं उपयोगी पडतात, हे त्यांनी दाखवलं. आजची सगळी फळांची पीलं त्या वाटेने आली. अ‍ॅसिड पेशी कापत नाही, पेशींमधली पकड सैल करतं. ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, त्यामुळे ते झपाट्याने आत जातं. लॅक्टिक त्याहून सौम्य आणि ओल धरणारं. मँडेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा, म्हणून ते सावकाश उतरतं. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेसाठी मी आधी त्याच बाटलीकडे वळते. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलकट, मुरमांच्या कपाळ-हनुवटीवर त्याचा उपयोग मोठा, नाकाडोळ्यांभोवती नव्हे. आणि बाटलीवरच्या टक्केवारीइतकाच पीलचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, महत्त्वाचा. 30 टक्क्यांचं ग्लायकोलिक पीएच 4 ला जेवढं चालतं त्याहून पीएच 2 ला कितीतरी जोरात चालतं. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने 1998 मध्ये सलूनसाठी हद्द घालून दिली: 30 टक्क्यांपर्यंत, पीएच 3 च्या खाली नाही, थोडाच वेळ, आणि नंतर पूर्ण धुऊन. जी कंपनी पीएच सांगत नाही तिचं पील मी घेत नाही.

आता दोन्ही एकत्र. पहिली गोष्ट, एकत्र म्हणजे एका वाटीत नव्हे. पपेन साधारण उदासीन पीएचला खुलून काम करतं. तीव्र अ‍ॅसिडमध्ये टाकलं तर ते निकामी होतं आणि हाती उरतं ते नुसतं अ‍ॅसिड. म्हणून क्रम. आधी एन्झाइम पाच-सात मिनिटं, मग कोमट पाण्याने स्वच्छ, मग चेहरा पूर्ण कोरडा. मग बोटं पुन्हा एकदा फिरवायची. खरखर समान कमी झाली असेल तर पुढचं पील सगळीकडे सारखं उतरतं, ठिकठिकाणी जास्त-कमी होत नाही. या जोडीचा खरा फायदा हाच, आणि धोकाही हाच. वरचा पहारा पातळ झालेला असतो, अ‍ॅसिड जास्त वेगाने आत शिरतं. म्हणून एरवी जे पील वापरलं असतं त्याच्या खालची पायरी घ्यायची आणि वेळही कमी करायचा. जोडणीचा जोर त्वचेवर आपोआप वाढतो. तेवढाच आपण बाटलीतून वजा करायचा.

नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांखालचा भाग यांना व्हॅसलिनचा पातळ थर. ब्रश कपाळापासून खाली, गालाचा नाजूक भाग शेवटी. एक डोळा घड्याळावर, एक त्वचेवर. हलकी चुणचुण चालेल, लालीचे ठिपके किंवा पांढुरकी झाक उमटली तर वेळ उरला असला तरी थांबायचं. ग्लायकोलिक खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने शमवायचं. त्या दिवशी स्क्रब नाही, वॅक्स नाही, थ्रेडिंग नाही. आणि एन्झाइमनंतरच गाल गुलाबी झाले असतील तर पीलची बाटली उघडायचीच नाही. फेशियल तिथे पूर्ण झालं असं समजायचं.

एन्झाइम आणि आम्लतेची ही जोडी त्वचेने आपल्या खूप आधी जुळवून ठेवलीय, हे वाचलं तेव्हा मला माझ्या कामाबद्दल नवा आदर वाटला. तिच्या वरच्या थराचा पीएच 5 च्या आसपास असतो. पेशींचे दुवे कापणारी तिची स्वतःची एन्झाइमं आहेत, आणि ती आम्लता त्यांना आवर घालते. अल्कधर्मी साबणाने ती आम्लता उतरली की कापणं बेताल होतं, त्वचा सोलवटते. म्हणजे तिथे एक कापतं आणि दुसरं सांभाळतं. आपणही दोन्ही वापरताना सांभाळण्याची बाजू विसरलो, तर आपण तिच्या विरुद्ध काम करतो.

आपल्या मराठी घरांत दिसणारी त्वचा बहुतेक त्वचेचे प्रकार सांगणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीवर चौथ्या-पाचव्या प्रकारची. ती सहज भाजत नाही, पण दुखावली की काळा डाग धरते आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून आधी विचारपूस. ‘ताई, रात्री तोंडाला काय लावता?’ हा माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तरात गोरं करणाऱ्या मलमाची ट्यूब निघाली की मी ती आणायला सांगते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 पासून आहे, तरी ती वर्षानुवर्षं चोळणाऱ्या बायका येतातच. त्यांना आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. मुरमांच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर तापाचे फोड येत असतील, गर्भारपण असेल, तरी तेच. रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींना पपईचा चीकही सोसत नाही, म्हणून आदल्या दिवशी पॅच टेस्ट. लग्नाच्या नवरीला शेवटचं पील हळदीच्या महिनाभर आधी. आणि घरी गेल्यावर निदान आठवडाभर तरी सनस्क्रीन चुकवायचं नाही.

‘गोरं करून द्या’ असं कुणी म्हणालं की मी तिला दंडाची आतली बाजू दाखवते. तो तुमचा रंग. उन्हाने, डागांनी चेहरा त्याच्या मागे पडला असेल तर त्या रंगापर्यंत न्यायला मी मदत करीन. त्यापुढे नेण्याचं वचन जो देतो त्याच्याकडे जाऊ नका. हाताखाली शिकणाऱ्या मुलींनाही हेच सांगते. काढता कुणालाही येतं. किती ठेवायचं हे ज्या हाताला कळतं, त्याच हातात पीलचा ब्रश द्यावा.