चालल्याने दारू उतरते का?

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला मित्राकडे गेलो होतो. तिथला स्टॉकयार्ड्स म्हणजे गुरांचा जुना बाजार. आता विटांच्या रस्त्यालगत काउबॉय टोप्यांची दुकाने आणि बार. संध्याकाळी दोन तासांत आम्ही पायी चार बार फिरलो, प्रत्येक ठिकाणी ‘एकच’ पेग. “अरे, चालतोय ना आपण, उतरते आपोआप,” मित्र म्हणाला. डॉक्टर असूनही मी मान डोलावली.

खरे तर घाम, श्वास आणि लघवीतून फार थोडी दारू बाहेर पडते. बाकी काम यकृताचे, आणि ते आपल्याच गतीने चालते: साधारण तासाला एक पेग, म्हणजे ४४ मिली व्हिस्की किंवा ३५५ मिली बिअर. चालणे, कॉफी, थंड पाण्याने अंघोळ, कशानेही ही गती वाढत नाही.

मित्राने गाडीची किल्ली काढली तेव्हा मी भानावर आलो. चार पेग, दोन तास. म्हणजे जवळपास निम्मी दारू अजून अंगातच! किल्ली मागून घेतली आणि टॅक्सीने परतलो.

न पिणे सर्वांत उत्तम. पण प्यायलातच, तर किती चाललात हे नव्हे, पेग आणि तास मोजा. आणि गाडी घरीच ठेवा.