काळ्या घोड्याजवळच्या लष्करी इस्पितळास

प्रिय इस्पितळा,

या नावानं तुला हल्ली कुणी हाक मारत नाही. पाटीवर तू छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेस, जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पण १९१४ च्या सुमारास जॉर्ज विटेट यांची ही इमारत उभी राहिली, तेव्हा मूर्ती आणि चित्रांच्या आधी आत खाटा आल्या. संग्रहालय म्हणून तुझं दार उघडलं ते थेट १० जानेवारी १९२२ रोजी. माझं पत्र त्या आधीच्या, लष्करी इस्पितळ असलेल्या तुला आहे.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडं अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलंय. पहिल्या महायुद्धात या एका गावची ४६ माणसं कामी आली. महायुद्धात माणसं धाडणाऱ्या गावांना इंग्रज सरकारनं संगमरवरी पाट्या दिल्या. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असे दोनच आकडे. वजाबाकी केली की परत आलेले उरतात. पण त्यांतले धड किती आणि हात, पाय, डोळा गमावून आलेले किती, याला पाटीवर जागा नाही. ती माणसं ज्या वाटेनं घरी आली, त्या वाटेवर तू होतास.

ती वाट कशी होती? आमची मराठा पलटणींची माणसं, ११० वी, १०३ वी, ११७ वी, सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढत होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला मोठी लढाई झाली. जखमी हजारोंनी, आणि त्यांना न्यायला धड बोटी नाहीत. मलमपट्टी झालेले न झालेले सगळे उघड्या पडावांवर दाटीनं टाकून तैग्रिस नदीतून बसऱ्याला धाडले. ‘मेजिदिये’ नावाची बोट धक्क्याला येत होती, तेव्हा इस्पितळी जहाजावरच्या मेजर कार्टर या डॉक्टरला तिच्या कडेनं दोरखंड लोंबताना दिसले. बोट जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. उठता न येणाऱ्या माणसांना कठड्यापर्यंतसुद्धा कुणी नेलं नव्हतं. कार्टरनं हे वर कळवलं, तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली. १९१७ च्या चौकशी आयोगानं मात्र त्याचं म्हणणं उचलून धरलं. हिंदुस्थान सरकारनं औषधपाण्यात केलेली काटकसर अशी चव्हाट्यावर आली. भरती करताना हात सैल होता, बरं का.

बसऱ्याहून जखमींची जहाजं मुंबई बंदराला लागत. जवानाला इथवर आणणं सरकारचं काम, पण त्याच्या आईनं इथवर कसं यायचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मिरजेकडून मीटरगेजनं पुणे, तिथं गाडी बदलून मुंबई, आणि पुढं गिरणगावात कुणा गाववाल्याच्या खोलीचा आसरा. खिशात भाडं असेल तरच हे सगळं.

खाटेवरून उठलेल्यांचं पुढं काय, हा विचार निदान कुणीतरी केला. १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज शाळा निघाली. ती संस्था आज खडकीत आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र यायला मात्र १९४४ उजाडलं, म्हणजे दुसरं महायुद्ध. तोवर गावाकडं बाभळीची कुबडी.

तुझ्याकडं एक मागणं आहे. अकबराचं चिलखत तू काचेत जपलंयस, मग आमच्या शिपायाची एक लोखंडी खाट तुला जड नाही. ती तिकीट खिडकीजवळ ठेव. शेजारी कार्टरची हकिगत मराठीत लाव, ठळक अक्षरात. गावोगावच्या पाट्यांसारखी एक संगमरवरी पाटीही बसव, पण तीन आकड्यांची: गेले, मेले, आणि जखमी होऊन परतले. तिसरा आकडा जुन्या लष्करी दप्तरांतून काढावा लागेल. वेळ लागला तर लागू दे.

हिवाळ्यात जत, खानापूर, माण, खटावच्या शाळांच्या सहली तुझ्याकडं येतात. विजापूर जवळ असल्यानं जतच्या पोरांना तुझा घुमट बघितल्याबरोबर गोलघुमट आठवतो. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी कुणी ना कुणी फौजेत असतं. घुमटाखाली उभं करून त्यांना हेही कुणीतरी सांगावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुझा,
एक सातारकर